आतल्या माणसाचं उत्तर

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत खाजाभाईबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. एक, हा माणूस चहा घेत नाही. दुसरी, मशीन चालू करण्याआधी तो एका मेलेल्या माणसाला विचारतो.

लोकांना नवल वाटतं ते पहिल्या गोष्टीचं. कारखान्यात मेकॅनिक आला आणि त्याने चहाला नको म्हटलं, तर त्याचं पोट बिघडलेलं असणार किंवा डोकं फिरलेलं असणार, असा आपल्याकडे सरळ हिशोब आहे. खाजाभाईचं पोट ठणठणीत आहे. डोक्याबद्दल मतभेद आहेत. साठीला टेकलेला, अंगाने भरलेला, खिशात कायम टेस्टर आणि जुनं फडकं बाळगणारा हा गृहस्थ द्वारका चौकामागच्या गल्लीत एका लहानशा गाळ्यात बसतो. नाशिकमध्ये इंडक्शनचं जुनं ट्यूबवालं मशीन बंद पडलं की फोन त्यालाच जातो. नवीन पोरं लॅपटॉप लावून बघतात, कपाळाला हात लावतात आणि मग म्हणतात, खाजाभाईला बोलवा.

मशीन काय करतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तांब्याच्या पोकळ नळीचं एक वेटोळं असतं. त्यात लोखंडाचा दांडा धरायचा. कुठे जाळ नाही, कोळसा नाही, धूर नाही आणि चार-पाच सेकंदांत दांडा लालबुंद होतो. लगेच त्यावर पाणी मारलं की लोखंड कडक झालं. गाडीचे गिअर, शाफ्ट असेच कडक करतात. ही करामत रेडिओलहरींची. त्या लहरी तयार होतात मागच्या लोखंडी कपाटात, कळशीएवढ्या एका ट्यूबमध्ये. ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि ती इतकी तापते की तिच्या अंगाभोवती सतत गार पाणी खेळवावं लागतं. ज्या दोन गोष्टींना एकमेकींपासून लांब ठेवा म्हणून घराघरात आया ओरडतात, त्या वीज आणि पाणी इथे एकाच कपाटात नांदवायच्या असतात. पाणीसुद्धा क्षार काढलेलं, अगदी स्वच्छ लागतं. बोअरचं पाणी टाकलं की रबरी नळ्यांना आतून चुना धरतो, पाण्यातूनच वीज वाहायला लागते आणि एके दिवशी ट्यूब जाते. तरी लोक बोअरचंच पाणी टाकतात. खाजाभाई ती पांढरी खपली नखाने खरवडून मालकाच्या नाकासमोर धरतो आणि विचारतो, "ये क्या है साहेब? दात घासत नाही का मशीनचे?"

आता दुसरी गोष्ट. मशीनचे जीवघेणे व्होल्ट ज्या बटणाने चालू होतात, त्याला सगळे एचटी म्हणतात. ते बटण पुढच्या बाजूला. दुरुस्ती करायची ती कपाटाच्या मागच्या बाजूने, दार उघडून. कपाट पुरुषभर उंच, त्यामुळे पुढच्याला मागचा दिसत नाही. खाजाभाई काम संपल्यावर पुढे येतो, बोट बटणाजवळ नेतो आणि मोठ्याने विचारतो, "गोरक्ष, हात बाहेर?"

मग थांबतो. मागे कुणी नसतं. कधी पाच सेकंद, कधी मिनिटभर थांबतो. मग मान हलवतो आणि बटण दाबतो. एखाद्या दिवशी मात्र थांबून थांबून बोट मागे घेतो, काही न बोलता कपाटामागे जातो आणि सगळं पुन्हा तपासायला लागतो. सातपूरच्या एका कारखान्यात असाच तो अर्धा तास अडून बसला. सुपरवायझरने चिडून स्वतःच आत डोकं घातलं, तर ट्यूबच्या बुडाशी पाना विसरलेला. तेव्हापासून त्याला कुणी घाई करत नाही. उलट, "गोरक्ष काय म्हणाला?" असं गंभीर चेहऱ्याने विचारणारेही आहेत. विचारून झालं की ते लांब जाऊन हसतात.

खाजाभाई हसत नाही, कारण त्याला खरोखर ऐकू येतं. कानामागून, जरा डावीकडून, खोकल्यानंतर येतो तसा बसका आवाज: "बाहेर." तो आवाज अकरा वर्षांपूर्वी मेलेल्या गोरक्ष आहेरचा आहे. कान वाजतात म्हणावं, तर इतर वेळी कधी वाजत नाहीत.

गोरक्ष कळवणकडचा. आयटीआय करून नाशकात आला तेव्हा पायात चपला नव्या आणि अंगावर शर्ट मामाचा, असं तो स्वतःच सांगायचा. एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये त्याची आणि खाजाभाईची गाठ पडली. दोघांनी नोकरी सोडून ही दुरुस्तीची कामं धरली, आणि एकोणीस वर्षं धरून ठेवली. खाजाभाई जाडा म्हणून पुढे, गोरक्ष काडीसारखा म्हणून आत, अशी वाटणी आपोआप झाली. गोरक्ष ट्यूब उचलायचा ती तान्हं मूल उचलावं तशी, दोन्ही हातांनी, श्वास रोखून. नळ्या बदलायच्या, क्लिपा आवळायच्या, पाणी सोडायचं, कुठे थेंब दिसतो का बघायचं. आत हात घालण्याआधी मात्र अर्थिंगची काठी टेकवायची. ही लाकडी मुठीची, टोकाला आकडा असलेली काठी. ती टेकवली की आत साठून राहिलेली वीज जमिनीत जाते. काठी टेकवलेली असेपर्यंत कुणाच्या बापाला धोका नाही.

धोका असतो तो काठी काढल्यानंतर. गोरक्षला एक खोड होती. काठी काढून बाजूला ठेवली की तो एकदा बोट फिरवून क्लिप ओली आहे का ते बघायचा. डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता, बोटावर होता. खाजाभाईने शंभरदा रागावून बघितलं. शेवटी दोघांनी मिळून तो प्रश्न ठरवला. खाजाने विचारायचं, "हात बाहेर?" आणि आतून "बाहेर" असं आल्याशिवाय बटणाला शिवायचं नाही. 'हो' चालणार नाही, हे गोरक्षचं म्हणणं. "हो काय, माणूस झोपेतबी म्हणतो, खाजाभाई. बाहेर म्हणायला हात बाहेर काढावा लागतो."

डिसेंबरातल्या त्या सकाळी एका शेडमध्ये मशीनच्या आत कुठेतरी ठिणगी पडत होती. पाण्याची नळी कुठूनतरी पाझरत होती आणि ठिणगी दिसायची ती फक्त एचटी चालू असताना. दार उघडं असलं की मशीन चालू होत नाही, तशी दाराला कळच असते. त्या कळीवर वायरचा तुकडा टाकून तिला चकवायचं, शेडचे दिवे घालवायचे आणि उघड्या दारातून, लांब उभं राहून, ठिणगी कुठे पडते ते बघायचं, हा आडमार्ग या धंद्यातले सगळे वापरतात. पुस्तकात तो नाही. त्या दोघांनीही तेच केलं. एचटी चालू, ठिणगी बघितली, बंद. काठी, हात आत, क्लिप आवळली, काठी बाहेर. "हात बाहेर?" "बाहेर." पुन्हा चालू. असं पाच वेळा झालं.

सहाव्या वेळी शेडमधल्या माणसाने खाजाभाईच्या हातात चहा दिला. थंडी होती. खाजाभाईने पहिला घोट घेतला, तो फार गरम निघाला, तोंडातल्या तोंडात तो इकडून तिकडे फिरवत राहिला. तेवढ्यात मागे काठी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि बोटाने सवयीने बटण दाबलं. तोंडात चहा होता म्हणून प्रश्न बाहेर पडला नाही. एकोणीस वर्षांत एकदा.

त्याने पापणी लवायच्या आत बंद केलं, धावला, काठी न टेकवताच गोरक्षला ओढला. आत उरलेल्या विजेने त्यालाही लांब फेकलं. उजव्या तळहाताच्या मधोमध भाजल्याची खूण राहिली. गोरक्ष तिथेच गेला होता.

चौकशी झाली. टेबलापलीकडून साहेबांनी विचारलं, "बटण दाबण्याआधी तुम्ही विचारलं होतं का?"

"हो."

"आतून उत्तर आलं?"

"हो."

हे दोन हो त्याने ठरवून म्हटले नव्हते. भीतीने तोंडातून निघाले. पण परतही घेतले नाहीत, ते मात्र शुद्धीत असताना. कागदावर लिहिलं गेलं, की 'बाहेर' असं सांगूनही मयताने स्वतःहून पुन्हा हात आत घातला. दार चकवल्याची कबुली खाजाभाईने दिली होती. तिथे दोघांचंही नाव होतं, त्यामुळे ती जड गेली नाही. त्याच्या एकट्याची जी चूक होती तीच त्याने गिळली. गोरक्षला हात काढायला पुरला नाही, तो वेळ खाजाभाईला खरं सांगायला मिळाला आणि तो त्याने असा वापरला, हे तो स्वतःला रोज सांगतो. सांगून काही हलकं होत नाही.

आणि लोकांनी त्याच्या तळहाताकडे बघून त्याला मोठा केला. जिवावर उदार होऊन मित्राला ओढलं म्हणाले. गोरक्षची बायको मैना, तेव्हा जेमतेम पस्तिशीची, तिने तो हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला होता. त्यांच्या घरात तेव्हापासून खाजाभाई पाहुणा नाही, भाऊ आहे. दर दिवाळीला फराळाचा डबा येतो. करंज्या, शेव, आणि खाजाभाईला आवडतात म्हणून कडबोळी वेगळी. बायको माजिदा तो डबा ईदला शीरखुर्म्याने भरून परत पाठवते. अकरा वर्षं हा माणूस त्या कडबोळ्या खातो. प्रत्येक वेळी पहिला घास घशाखाली उतरत नाही, आणि न खाल्ल्यास माजिदा विचारते, म्हणून उतरवावा लागतो.

एकदा माजिदानेच म्हटलं होतं, "मैनाभाभी इतना करती है, आप उनके घर बैठते क्यों नहीं?"

"काम असतं," खाजाभाई म्हणाला. त्या घरात भिंतीवर गोरक्षचा फोटो आहे आणि त्या फोटोसमोर त्याला पाठ करून बसता येत नाही, तोंड करूनही बसता येत नाही. हे तो कुणाला सांगणार?

यंदा दिवाळीच्या आठवडाभर आधी अंबडच्या एका कारखान्यातून फोन आला. ट्यूब गेली, नवीन आणून ठेवली आहे, या. मेंटेनन्सच्या इंजिनिअर मॅडम नवीन आल्यात, त्यांना स्वतः शिकायचंय. खाजाभाई स्कूटरवर पोचला, तर गेटवर उभी होती योगिनी. गोरक्षची मुलगी. बाप गेला तेव्हा शाळेच्या दप्तरासकट दवाखान्यात आली होती, ती. आता डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात जाड बूट, हातात यादी.

"खाजाचाचा, मुद्दामच नाव नाही सांगितलं," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही आला नसता."

ते खरंच होतं. गोरक्षची लेक त्या कपाटाजवळ उभी राहणार हे कळलं असतं, तर त्याने ताप आल्याचं सांगितलं असतं.

कामाआधी तिने मशीनवरच्या सगळ्या कामगारांना गोळा केलं. रोजचा तिचा रिवाज तसाच होता, काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं सुरक्षेबद्दल बोलायचं. खाजाभाई कडेला उभा राहिला. ती स्वच्छ, शांत आवाजात म्हणाली, "माझे बाबा हेच काम करायचे. त्यांच्या जोडीदाराने विचारलं, हात बाहेर आहे का. बाबा म्हणाले, बाहेर. आणि मग एकदाच बघू म्हणून त्यांनी हात परत आत घातला. एवढीच चूक. वीस वर्षांचा अनुभव होता त्यांना. अनुभव असला की माणूस निष्काळजी होतो. तुम्ही होऊ नका."

कामगारांनी माना डोलावल्या. एकाने खाजाभाईकडे बघून आदराने नमस्कार केला. खाजाभाईला वाटलं, जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात ते उगाच नाही. बाप मेला तो मेला, वर लेकीच्या तोंडून रोज सकाळी दहा माणसांसमोर निष्काळजी ठरत होता. आणि ठरवलं कुणी, तर त्याच्या जिवलगाने. त्याला ओरडावंसं वाटलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला.

मग दोघांनी काम केलं. दाराची कळ चकवायची नाही, हे योगिनीने आधीच बजावलं होतं. पाणी काढलं. जुन्या नळ्या कापल्या, तर आत बोटभर जाडीचा चुना. योगिनीने स्वतः काठी टेकवली, एकदा नाही, तीनदा. जुनी ट्यूब काढली, तांब्याची बैठक घासून लख्ख केली, रबराची नवी कडी बसवली. नवीन ट्यूब तिने उचलली ती दोन्ही हातांनी, श्वास रोखून. खाजाभाईने नजर वळवली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. बापाला हे काम करताना तिने कधी पाहिलंही नव्हतं.

पाणी सोडलं. प्रवाह नीट, दाब नीट, थेंब नाही. ट्यूबच्या आतली तार, म्हणजे बत्ती, आधी पेटवून तापू द्यावी लागते, त्यात काही मिनिटं गेली. योगिनीने काठी काढली, दार लावलं, पुढे येऊन मीटरच्या काट्यांवर नजर टाकली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून पलीकडे गेली. खाजाभाईने बघितलं ते एवढंच. ती परत येऊन पुन्हा दार उघडून बसली, हे त्याला कळलं नाही.

त्याने बोट बटणाजवळ नेलं. "गोरक्ष, हात बाहेर?"

उत्तर आलं नाही.

तो थांबला. मिनिट झालं. पाण्याचा आवाज होता, पंख्याचा आवाज होता. कानामागे, जरा डावीकडे, अकरा वर्षं जो आवाज येत होता त्या जागी काही नव्हतं. खोकलाही नाही. बोट मागे घेऊन तो तसाच उभा राहिला.

कपाटामागून योगिनी आली. हातात फडकं, चेहरा पांढराफटक. शेवटचं एकदा क्लिपवर बोट फिरवून बघायला ती दार उघडून आत वाकली होती. दाराची कळ जागेवर होती, त्यामुळे खाजाभाईने बटण दाबलं असतं तरी काही झालं नसतं. पण त्या क्षणी हा हिशोब त्याच्या उपयोगाचा नव्हता.

"चाचा, कुणाला विचारत होतात?"

"सवय आहे, बेटा."

"बाबांचं नाव घेऊन?"

त्याने खिशातलं फडकं काढून हात पुसले.

"मी उत्तर देणार होते," ती म्हणाली. "पण बाबांचं नाव ऐकलं आणि आवाजच फुटला नाही. तुम्ही किती वेळ थांबलात. उत्तर येईपर्यंत तुम्ही दाबतच नाही?"

"नाही."

योगिनी काहीतरी जुळवत असल्यासारखी बघत राहिली. संशय नव्हता तिच्या डोळ्यांत, नुसता प्रश्न होता, आणि तोच वाईट. "त्या दिवशी पण असेच थांबला होतात?"

बोलायला जागा होती. मागे पंखा चालू होता, दुसरं कुणी ऐकत नव्हतं. अल्लाने एवढी सोय क्वचितच करून दिली असेल.

"हो," खाजाभाई म्हणाला.

हा तिसरा हो. पहिले दोन भीतीचे होते, हा निव्वळ पळपुटेपणाचा होता. योगिनीने मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाली, "आई अजून त्यांना माफ करत नाही, चाचा. म्हणते, बाहेर काढलेला हात परत घालताना त्या माणसाला आमचं तोंडसुद्धा आठवलं नाही. यंदा डबा पाठवणार नाहीये ती. म्हणाली, भावाला घरी येऊन खायला सांग."

बटण योगिनीने दाबलं, मशीन चालू झालं, पहिला दांडा लाल होऊन बाहेर पडला, सगळ्यांनी चांगलं चांगलं म्हटलं. परतताना खाजाभाई द्वारका चौकात सिग्नलला उभा राहिला, सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या दिल्या, त्याला ऐकूच आलं नाही. त्याचं सगळं लक्ष कानामागे होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने दोन मशीनं उघडली. दोन्हींसमोर विचारलं, दोन्हींसमोर ताटकळला. आवाज आला नाही. सगळं चारचारदा तपासूनही आला नाही. दुसऱ्या ठिकाणी तो मालकाला म्हणाला, "बटण तुम्ही दाबा," आणि मशीनकडे पाठ करून उभा राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की तो आवाज आपल्या मागे लागलाय. तो गेल्यावर कळलं, की आपण त्याच्यावरच उभे होतो. गोरक्ष आता रुसला होता. मेलेला माणूस रुसतो का, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने एकदा खाजाभाईच्या जागी उभं राहून बघावं.

पाडव्याच्या सकाळी तो इंदिरानगरला मैनाच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावर, रांगोळी ओलांडून. मैनाने दारातच हसून स्वागत केलं. केस बरेच पांढरे झाले होते. योगिनी घरातच होती, साडी नेसलेली. भिंतीवर गोरक्षचा फोटो, त्याला झेंडूचा हार. खाजाभाई फोटोकडे तोंड करून बसला.

मैनाने ताट समोर ठेवलं. शेजारी पेला. "चहा तुम्ही घेत नाय, म्हणून दूध आटवलंय, भाऊ."

"चहा का सोडला, ते तुम्ही कधी विचारलं नाही, वहिनी."

"काही नेम असंल म्हटलं. नेमाचं काय विचारायचं?"

खाजाभाईने ताट थोडं बाजूला सरकवलं. बोलायला सुरुवात केली तेव्हा त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता. "त्या दिवशी माझ्या तोंडात चहाचा घोट होता. गरम होता. म्हणून मी विचारलंच नाही. हात बाहेर आहे का, हे मी गोरक्षला विचारलंच नाही, वहिनी. बटण दाबलं. चौकशीत सांगितलं ते खोटं होतं. तो 'बाहेर' म्हणाला नाही. मी विचारलं असतं, तर म्हणाला असता."

स्वयंपाकघराच्या दारात योगिनी उभी होती. "मशीनजवळ मी विचारलं तेव्हा पण?"

"तेव्हा पण खोटं बोललो, बेटा."

तिच्या हातात वाटी होती. ती तिने ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गेल्या काही महिन्यांतल्या त्या सगळ्या सकाळी, ते दहा कामगार, तिच्या डोळ्यांसमोर आले असणार.

मैना हलली नव्हती. तिने सावकाश विचारलं, एकेक शब्द चाचपत, "म्हणजे हात बाहेर काढून परत घातला, असं नाय."

"नाही. हात आतच होता. गोरक्ष मी विचारायची वाट बघत असणार."

"ते रागात होते म्हणून काही विसरले, घाई केली, असंबी नाय."

"त्याने काहीच चुकवलं नाही, वहिनी. त्या दिवशी चुकलो फक्त मी."

खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती पूर्ण वाजून संपली. खाजाभाई शिव्यांची वाट बघत होता. ताट भिरकावलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तिथे येऊन मी हे लिहून देतो. पोलिसांत म्हणा, साहेबांसमोर म्हणा."

मैनाने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ती फोटोकडे बघत होती.

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "काय खास नाय, गावाला जायचं की नाय यावरून. ते गेले आणि असं झालं. मला वाटलं, माणूस डोक्यात राग घेऊन गेला, म्हणून हात परत घातला. नाहीतर मग जिवाला कंटाळला होता. अकरा वर्षं झाली, भाऊ, मी त्यांच्याशी अबोला धरलाय. हार घालते, उदबत्ती लावते, सर्वपित्रीला पान वाढते, लोकांनी बघावं म्हणून. बोलत नाय. पोरीचा बारावीचा निकाल लागला, म्हटलं, जा, तूच सांग तुझ्या बापाला. हे घर घेतलं, नाय सांगितलं. सासूबाई गेल्या, त्यांची आई, तेबी नाय सांगितलं."

"वहिनी..."

तिने हात वर करून त्याला थांबवलं. त्या हातात राग नव्हता, घाई होती. "तुमचं काय करायचं ते मी नंतर बघीन. सोडणार नाय तुम्हाला. आता तुम्ही जा. पोरी, तूबी जरा बाहेर हो. मला त्यांच्याशी बोलायचंय."

योगिनी उठून जिन्यावर येऊन बसली. खाजाभाईने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तो तिच्या बाजूने, कठड्याला धरून खाली उतरायला लागला. दार पुरतं लागलेलं नव्हतं. दोन जिने उतरेपर्यंत वरून मैनाचा आवाज ऐकू येत होता, खालच्या पट्टीतला, भराभरा, मधेच अडखळणारा. तिने योगिनीच्या बारावीच्या निकालापासून सुरुवात केली होती.